दोन दिवस कमी पडतात

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या बसस्टँडवर खुशाल खोब्रागडे वाहतूक नियंत्रक होता. लोक त्याला कंट्रोलर म्हणत. चौकशीच्या खिडकीत डोकं घालून कुणी सिंदेवाहीची गाडी विचारली, की तो घड्याळाकडे न बघता उत्तर द्यायचा. गाडीला उशीर असेल तर 'येईलच आता' असं त्याने कधी म्हटलं नाही. 'चामोर्शीहून सुटली नाही, पन्नास मिनिटं धरा,' असं सांगायचा. ऐकणाऱ्याचं तोंड पडायचं, पण गाडी बरोबर पन्नास मिनिटांनी लागायची. अठरा वर्षांच्या नोकरीत त्याने एकही फेरी अंदाजपंचे लिहिली नव्हती.

२००२ सालच्या जानेवारीत त्याला निकेशचं पत्र आलं. निकेश पोलिसात शिपाई होता आणि अहेरीच्या पलीकडे कोयारगुड्याच्या पोलीस मदत केंद्रात त्याची नेमणूक होती. तिथे फोन नव्हता. पत्रं रसदीबरोबर जात आणि रसदीबरोबरच परत येत.

'भाऊ,' त्याने लिहिलं होतं, 'मुंबईच्या त्या खेळवाल्याची यादी आली. त्यात नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीचा खेळ आहे. हजारावर सोंगट्या, नकाशा पलंगाएवढा. तीन हजार चारशे म्हणते. अर्धे मी, अर्धे तुमी. इथला हवालदार म्हणते, एवढ्यात तीन बकऱ्या येते अन् त्या पिल्लंही देते. पण घ्यावा का नाई, हे तुमी पाहून सांगा. तुमी म्हणान तसं. माही रजा १८ फेब्रुवारी, सोमवारपासून दहा दिवस.'

या दोघांची दोस्ती जुळली ती मासळीच्या टोपल्यांपायी. निकेश हा मूलजवळच्या एका तळ्याकाठच्या गावातला, ढिवराचा मुलगा. पोलीस भरतीची वाट बघत होता त्या दोन वर्षांत तो रोज पहाटेच्या गाडीने टोपल्या चंद्रपूरला न्यायचा आणि दुपारी परत आला की खुशालच्या केबिनमध्ये टेकायचा. खुशालकडे एक खेळ होता. बल्लारपूरला नेमणूक असताना तिथल्या कॉलनीतला एक इंजिनीअर निवृत्त होऊन गावी निघाला आणि जाताना त्याने तो खोका खुशालच्या हवाली केला होता. एका टेकडीची लढाई होती, षटकोनी घरांचा नकाशा आणि एकशेवीस सोंगट्या. मूलमध्ये कुणाला तो खेळ कळला नाही. निकेशला एका आठवड्यात कळला. तेव्हापासून नऊ वर्षं ते तीच टेकडी लढत होते. सोंगट्यांवरचे आकडे पुसले होते. हरवलेल्या अकरा सोंगट्यांच्या जागी तिकिटांच्या गठ्ठ्यांचे पुठ्ठे कापून लावले होते. कुठल्या घरावर कोण काय करणार हे दोघांना पाठ होतं, म्हणून अलीकडे खेळ कमी आणि एकमेकांना टोमणे जास्त व्हायचे.

तेव्हा नवा खेळ हवाच होता. पण घेण्यासारखा आहे का, हे पाहिल्याशिवाय सांगायचं कसं? खुशालने मुंबईला साठ रुपयांची मनीऑर्डर करून नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स तेवढी मागवली. अठ्ठेचाळीस पानं, बारीक टाइपातलं इंग्रजी. शब्दकोश उशाला घेऊन त्याने ती नऊ दिवसांत वाचली. प्रत्येक नियमाचा मराठीत गोषवारा लिहिला. मग जमिनीवर खडूने घरं आखली, सोंगट्यांऐवजी लाखोळीचे दाणे मांडले आणि दोन्ही बाजूंनी एकटाच चार फेऱ्या खेळला. दर फेरीला किती वेळ लागला ते घड्याळ लावून टिपलं.

त्याची बायको हर्षा प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती दारात उभी राहून बघत होती.

"स्टँडवर गाड्या हलवता, आता घरी डाळ हलवून राह्यले," ती म्हणाली. "कोण जिंकलं?"

"अजून मॉस्कोले पोचलो नाई."

"मंग पोचायच्या आधी दाणे उचला. उद्या वरण करायचं आहे."

खेळ चांगला होता. इतका चांगला की खुशालने त्यातलं एक पान तीनदा वाचलं. जाताना ज्या रस्त्याने फौज जाते, त्या रस्त्यावरचं धान्य संपतं. येताना त्याच रस्त्याने यावं लागलं तर काही मिळत नाही. म्हणजे जाणं सोपं होतं. खरा खेळ परतीचा होता. ज्याने जातानाच येण्याचा विचार केला नाही तो विसाव्या फेरीला संपला.

पण खुशाल कंट्रोलर होता. त्याने ड्युटीच्या तक्त्याचा एक कोरा कागद घेतला आणि मागच्या बाजूला निकेशच्या रजेचे दहा चौकोन आखले. खेळ तीस फेऱ्यांचा, फेरीला एक तास. मांडायला दोन तास. एकूण बत्तीस. दिवसाला आठ तास बसलं तर चार दिवस लागणार. आता रजा. कोयारगुड्याहून रजेवर निघणारा माणूस गाडीत बसत नसे. कच्च्या रस्त्यात कुठे सुरुंग पुरलेला असेल याचा नेम नव्हता, म्हणून सक्त आदेश होता: गस्तीबरोबर, जंगलातून, पायी. वाटेत एका ठाण्यात मुक्काम करून दुसऱ्या संध्याकाळी अहेरी. म्हणजे सोमवार पायी, मंगळवार पायी, बुधवारी गाडीने मूल. परतताना तेच उलट. मधे चार दिवस. त्यातला एक बायकोच्या माहेरचा, एक तळ्यात जाळं टाकायचा. उरले दोन.

त्याने लिहिलं: 'खेळ उत्तम आहे. नियम किचकट आहेत पण लबाड नाहीत. सोंगट्या जास्त वाटतात, दोन संध्याकाळीत सवय होईल. किमतीबद्दल तक्रार नाही. तरीपण घेऊ नये असं माझं मत आहे. दोन दिवसांत चौदा फेऱ्या होतात. चौदाव्या फेरीला मॉस्को येतं आणि तिथून आपल्याला उठावं लागेल. मांडलेला खेळ पुढच्या रजेपर्यंत ठेवायला माझ्या घरी जागा नाही. परतीशिवाय हा खेळ खेळण्यात अर्थ नाही. तक्ता सोबत जोडला आहे. दोन दिवस कमी पडतात.'

पत्र टाकून आल्यावर त्याला जरा वाईट वाटलं. पण हिशोब बरोबर होता.

निकेशचं उत्तर फेब्रुवारीच्या सातला आलं. कार्डावर तीन ओळी होत्या.

'भाऊ, दोन दिवसायची सोय झाली. खेळ मागवा. मी सोमवारी संध्याकाळच्या अहेरी गाडीनं येतो.'

खुशालने कार्ड दोनदा वाचलं. रजा सोमवारपासून आणि मूलला सोमवारी. त्याला हिशोब लागायला एवढंच पुरे होतं. पायी येणारा माणूस बुधवारी येतो. सोमवारी येणारा माणूस पायी येत नाही. ज्याने आयुष्यभर लोकांच्या गाड्या जुळवल्या त्याला हे कळायला दुसऱ्यांदा वाचायचीही गरज नव्हती. पण त्याने दुसऱ्यांदा वाचलं आणि मनाशी म्हटलं, रजा शनिवारपासून मिळाली असेल. साहेब खूश असेल. गस्त आधी निघत असेल.

रोज संध्याकाळी सहा वाजता तो अहेरी स्टँडच्या कंट्रोलरशी फोनवर बोलायचा. वारलू मडावी त्याचं नाव. कोणती गाडी सुटली, कोणती बिघडली, एवढंच बोलणं व्हायचं. वारलूचा साळा अहेरीच्या ठाण्यात बिनतारी संदेशावर होता. 'निकेशला विचार, कसा येऊन राह्यला,' एवढं एक वाक्य वारलूला सांगितलं असतं, तर रात्रीच्या आत कोयारगुड्याला पोचलं असतं. त्या संध्याकाळी खुशालने ते सांगितलं नाही. पुढच्या दहा संध्याकाळीही नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर सोमवार गेला असता.

त्याला सोमवार हवा होता.

खोका व्ही.पी.ने आला; पोस्टमनच्या हाती पैसे मोजून खुशालने तो घेतला. खुशालने पलंगावर टाकायला प्लायवूडचा तक्ता आणला. चार दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज दिला. साहेबाने मान वर करून विचारलं, "घरी काही कार्य?" खुशाल "हो" म्हणाला. खोका त्याने उघडला तो फक्त आतलं सगळं आलं आहे का ते पाहण्यासाठी. सोंगट्या पुठ्ठ्याच्या मोठ्या तावांना चिकटलेल्या होत्या, दाबून सोडवायच्या. पाच ताव. एकही सोंगटी त्याने सोडवली नाही. ते दोघांनी मिळून करायचं काम होतं.

सोमवारी अहेरीची गाडी पाच चाळीसची होती. ती पाच चौतीसला लागली. खुशाल केबिन सोडून फलाटावर आला होता, असं तो सहसा करत नसे. एकवीस माणसं उतरली. शेवटी कंडक्टर उतरला, काखेत तिकिटांची पेटी.

"साहेब, तिकडं काही झालं म्हणते," तो म्हणाला. "आमी निघालो तवा ठाण्यात गर्दी होती. कोणाची त जीप उडाली."

"कुठी?"

"आत. कोयारगुड्याच्या रस्त्यावर."

खुशाल केबिनमध्ये येऊन बसला. सहाला फोन वाजला.

"खुशालराव," वारलू म्हणाला. "बाजाराले येणारी जीप होती. चौघं होते. तुमचा माणूस त्यात होता जी. आमाले आताच कळलं."

"किती वाजता?" खुशालने विचारलं. हे आपण का विचारलं ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

"सकाळी. नऊ-सव्वानऊ."

समोर फेऱ्यांची वही उघडी होती. अहेरी गाडीच्या रकान्यात त्याने आल्याची वेळ लिहिली, पाच चौतीस, आणि वही मिटली.

मंगळवारी निकेशला गावात आणलं. साहेब लोक आले, बंदुकीच्या फैरी झाल्या, तळ्यावरची बगळ्यांची रांग उठून पलीकडच्या बांधावर जाऊन बसली. निकेशचे वडील उमाजी अंगात सदरा घालून उभे होते. त्यांना सदऱ्यात कुणी फारसं पाहिलं नव्हतं. बायको रुपाली घरात होती. बाहेर माणसं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होती. त्याच्याबरोबरचा एक शिपाई डोळे पुसत म्हणाला, "आमाले शिव्या देणारा माणूस हा. कोणी सायकलवर बसला तरी म्हणे, उतर बे, बायको रांडवी करतं का. अन् हाच काऊन बसला जीपमध्ये?"

खुशालने ते ऐकलं. तो तसाच मागे मागे सरत बांधाशी गेला आणि तिथून निघून आला.

तेरवी झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात निकेशची ट्रंक आली. त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी दीडच्या सुमाराला, खिडकीसमोरच्या रांगेत खुशालला रुपाली दिसली. तिच्या पुढे दोन माणसं होती. तिने त्यांचं होऊ दिलं. मग एक घडी घातलेला कागद खिडकीतून आत सरकवला.

"भाऊ, हे तुमचं अक्षर आहे ना?"

तो तक्ता होता. दहा चौकोन. खुशालने लिहिलेले 'पायी', 'पायी', 'गाडी' हे तीन शब्द निळ्या शाईने खोडलेले होते. सोमवारच्या चौकोनात निकेशने 'जीप' लिहिलं होतं. मंगळवारी '१–६', बुधवारी '७–१४'. पुढच्या दोन मोकळ्या चौकोनांत '१५–२२' आणि '२३–३०'. शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

"हे आकडे कायचे?" रुपालीने विचारलं.

मागे उभा असलेला म्हातारा म्हणाला, "गडचिरोली गेली का जी?"

"दोन पाचला आहे," खुशाल त्याला म्हणाला. मग रुपालीला म्हणाला, "ड्युटीचे असतील. पोलिसातलं काही."

अठरा वर्षांच्या नोकरीत त्याने खिडकीतून दिलेलं हे पहिलं खोटं उत्तर.

रुपालीने कागद परत घेतला. "मले वाटलं..." ती म्हणाली. "मीच त्यायले लिहिलं होतं भाऊ. माह्या आईची तबेत बरी नाई, लवकर या म्हणून. लवकर म्हणजे मी काय जीपमध्ये बसा म्हटलं होतं का? पण लिहिलं त होतं." तिने पदराने ओठ पुसले. "असू द्या. तुमची गर्दी आहे."

ती गेली. दोन पाचची गाडी दोन बाराला सुटली.

घरी त्याने हर्षाला सगळं सांगितलं. म्हणजे तक्त्याचं, आकड्यांचं, रुपालीच्या पत्राचं. हर्षा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे ते खेळासाठी जीपमध्ये बसले."

"हो."

"अन् ते लेकरू समजते का माह्यामुळं झालं."

"हो."

"मंग तुमी गप काऊन बसले? तुमचं ओझं तिच्या डोक्यावर देऊन तुमी मोकळे?"

"सांगितलं तर तिले काय राह्यते?" खुशाल म्हणाला. "आता निदान तिले वाटते, तो माह्यासाठी घाई करून राह्यला होता. मी जाऊन सांगू, का नाई बाई, तुह्यासाठी नाई, पुठ्ठ्यासाठी?"

हर्षाने सूप बाजूला ठेवलं. "हे ठरवणारे तुमी कोण?" ती म्हणाली. "तुमी गाडीची वेळ सांगणारे. वेळ विचारली तं वेळ सांगा."

तरी त्याला आठ दिवस लागले. आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्याने खोका सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि चार किलोमीटरवरच्या त्या गावी गेला.

उमाजी अंगणात जाळं विणत होते. खुशालला पाहून त्यांनी बाज पुढे सरकवली. "बसा कंट्रोलर साहेब," ते म्हणाले. रुपाली पाणी घेऊन आली. खुशालने पाणी घेतलं नाही. उभ्यानेच, खोका हातात धरून, तो बोलायला लागला. क्रम चुकला नाही. खेळ कसला, किती तासांचा, त्याने काय लिहिलं, निकेशने काय उत्तर दिलं. तक्त्यावरचे आकडे म्हणजे फेऱ्या. एक ते सहा मंगळवार, सात ते चौदा बुधवार.

"तुह्या पत्रामुळं नाई," तो म्हणाला. "माह्या पत्रामुळं. मी लिहिलं दोन दिवस कमी पडते. त्यानं ते दोन दिवस काढले."

रुपाली उंबऱ्यावर बसली होती. तिने खोक्याकडे पाहिलं. झाकणावर बर्फातून चाललेले घोडे होते.

"हे खेळाले?" ती म्हणाली.

"हो."

ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. खुशालला वाटलं, आता आपण जावं. तेवढ्यात ती एक आंतर्देशीय पत्र घेऊन आली आणि त्याच्या हातात दिलं. निकेशचं अक्षर. तारीख दोन फेब्रुवारी, बहुधा त्याच दिवशी त्याने खुशालचं कार्डही लिहिलं असावं.

'...सोमवारीच येतो. मंगळवार-बुधवार दोनही दिवस तुह्या आईकडे राहू. आईले दवाखान्यात मी सोता नेतो. आता तरी रुसू नको...'

खुशालने ते वाचलं आणि परत पहिल्यापासून वाचलं. मंगळवार-बुधवार. तेच दोन दिवस. एकच गाडी एकाच वेळी दोन मार्गांवर लावली होती.

"आता सांगा," रुपाली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. खिडकीशी येऊन गाडी विचारावी तशी ती विचारत होती. "तुमचं खरं का माह्यं?"

उमाजींच्या हातातली जाळ्याची सुई थांबली होती. ते खाली बघून म्हणाले, "मंगळवार त मले देला होता त्यानं."

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"निरोप धाडला होता एका शिपायापाशी. बाबा, मंगळवारी तळ्यात जाळं टाकू, पाच जणं सांगून ठेवा. मी सांगून ठेवले होते. लहानपणापासून तसाच. कोणी काही म्हटलं का हो म्हणे. एका पेरूचे तीन वाटे करून तिघायलेबी, अख्खा तुलेच देल्ला, म्हणून सांगे. मी मारलंबी त्याले त्यापायी."

त्यांनी सुई पुन्हा चालवली. दोन गाठी मारल्या, तिसरी चुकली, ती सोडवत बसले.

खुशालने पत्र घडी करून परत दिलं. तीन जणांना दिलेला एक मंगळवार. निकेश कसा निस्तरणार होता, कुणाला काय सांगून गप्प करणार होता, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. कदाचित सकाळी जाळं, दुपारी दवाखाना, संध्याकाळी खेळ. कदाचित तिघांपैकी दोघं रुसले असते आणि त्याने हसून वेळ मारून नेली असती. जीपमध्ये पाय ठेवताना त्याच्या मनात कोण होतं, याचं उत्तर कुठल्याच कागदावर नव्हतं.

"हा खोका," खुशाल म्हणाला. "अर्धे पैसे त्याचे होते. म्हणून आणला."

"इथी नोका ठेवू," रुपाली म्हणाली. "मले तो दिसला का तुमचं खरं वाटन. घरी न्या."

तिने पाण्याचा गडवा पुन्हा पुढे केला. या खेपेला तो प्यायला.

परतताना सायकल बांधावरून हातात धरून चालवत असताना त्याच्या लक्षात आलं, की आपण सगळं सांगितलं आणि एक गोष्ट सांगितली नाही. पत्र लिहिल्याचं सांगितलं. पत्र तर तिनेही लिहिलं होतं, निरोप तर उमाजींनाही आला होता. ते तिघांत वाटलं गेलं. पण सोमवार वाचल्याबरोबर हिशोब फक्त त्यालाच लागला होता. अकरा संध्याकाळी हाताशी फोन फक्त त्याच्याच होता. ते वाटून घ्यायला कुणी नव्हतं. तो बांधावर थांबला. मागे वळून पाहिलं तर अंगणात उमाजी दिसत होते, आणि रुपाली बाज उचलून सावलीत नेत होती. तेवढं अंतर परत चालून जायला तीन मिनिटं लागली असती.

तो सायकलवर बसला आणि मूलकडे गेला.

खोका माळ्यावर गेला. एप्रिलमध्ये मुंबईच्या माणसाचं छापील कार्ड आलं: खेळ कसा वाटला, इतरांनी घ्यावा असं वाटतं का, दोन ओळी लिहून पाठवा. हर्षाने ते त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने लिहिलं, 'खेळलो नाही,' आणि टपालपेटीत टाकून दिलं.

नोकरी चालू राहिली. गाड्यांच्या वेळा तो पूर्वीसारख्याच अचूक सांगायचा. फक्त एक खोड नवी लागली. अहेरीकडची गाडी कुणी विचारली, की वेळ सांगायच्या आधी तो खिडकीतून जरा पुढे वाकायचा.

"अन् अहेरीहून पुढे कसे जाणार?"

बहुतेक लोक सांगायचे. काही चिडायचे. मागे रांग वाढायची. एकदा तेंदूपत्त्याच्या फडावर निघालेला एक मुन्शी वैतागून म्हणाला, "कंट्रोलर साहेब, तिकीट तुमचं अहेरीपर्यंतचं. पुढचं तुमाले काय करायचं? घरापर्यंत सोडून देता का?"

रांगेतले लोक हसले. खुशाल हसला नाही. पेन हातात धरून तो उत्तराची वाट बघत राहिला.

"अरे बाप्पा," मुन्शी म्हणाला. "पायी जातो, पायी. झालं?"

"अकरा वीस," खुशाल म्हणाला. "फलाट दोन."